शनिवार पेठेतल्या दगडी घराची मधली भिंत काढायची आहे. गर्डर टाकून जमेल का?

माजघर

नमस्कार. शनिवार पेठेत आमचं जुनं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. सासरच्या पणजोबांनी १९२० च्या सुमारास बांधलेलं. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, बावीस इंच जाड. वरच्या मजल्याच्या भिंती विटांच्या, चौदा इंची. मधे कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या, त्यावर माती आणि शहाबादी फरशी. डोक्यावर मंगलोरी कौलं. खाली आम्ही राहतो, वर चुलत सासरे आणि काकू.

प्रश्न माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीचा आहे. ती रस्त्याला समांतर जाते, लांबी सोळा फूट. तिच्यात एकच दार, तेही सव्वादोन फुटांचं. गेल्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या व्हीलचेअरवर आहेत आणि खुर्ची त्या दारातून जात नाही. त्यांची कॉट माजघरात आहे. माजघराला बाहेरची खिडकी नाही, सगळा उजेड स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून यायचा तेवढाच, म्हणून भर दुपारीही दिवा लावावा लागतो. ज्या बाईने पन्नासहून अधिक वर्षं त्या स्वयंपाकघरात काढली, तिला आता तिथे काय शिजतंय हे वासावरून ओळखावं लागतं. मागच्या दाराने कोणी आलं की "कोण गं?" म्हणून विचारत राहतात. मला हे बघवत नाही. म्हणून भिंतीतला बारा फुटांचा भाग काढून दोन्ही खोल्या एक कराव्यात असं आमच्या मनात आहे.

एक ठेकेदार येऊन बघून गेला. म्हणाला, "दोन गर्डर टाकू, चार दिवसांत भिंत मोकळी." त्याने दाराच्या बाजूचा हातभर गिलावा पाडून बघितला. आत दोन्ही अंगांना मोठे दगड आहेत, पण मधे नुसती खडी, माती आणि विटांचे तुकडे. बोट घातलं तर माती भुरभुर खाली आली. तो म्हणाला जुन्या भिंती अशाच असतात. माझा आतेभाऊ इंटिरिअरची कामं करतो, तो म्हणतो हात लावू नका.

वर, बरोबर याच भिंतीच्या माथ्यावर, काकांच्या दोन खोल्यांमधली विटांची भिंत आहे. तिच्यात आमच्या दाराच्या वर एक तिरकी बारीक भेग आहे. काका म्हणतात ती पहिल्यापासून आहे.

मला हे विचारायचं आहे: वाड्यांमधे सगळा भार लाकडी खांबांवर असतो असं ऐकलं, मग ही भिंत खरंच भार घेते का? घेत असेल तर कोणता गर्डर लागेल? महापालिकेची परवानगी लागते का? आणि काकांना काम चालू असताना वर राहता येईल का? ते शहात्तर वर्षांचे आहेत, घर सोडायला तयार नाहीत.

कसबेकर

परवानगीचं सांगतो, कारण त्यातून मी स्वतः गेलो आहे.

भार घेणारी भिंत काढणं हे रंगकाम किंवा फरशी बदलण्यासारखं किरकोळ दुरुस्तीत बसत नाही. महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत जावं लागतं, सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. घर हेरिटेज यादीत आहे का तेही तिथेच विचारून घ्या.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शनिवारवाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, जुन्या घराची दुरुस्ती होते, पण त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. शनिवार पेठेतली बरीच घरं यात येतात. अंतर वाड्याच्या दरवाजापासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात. आधी हे मोजून घ्या, कारण ही परवानगी यायला वेळ लागतो आणि त्या आधारावर बाकीचं वेळापत्रक ठरेल.

प्रॉपर्टी कार्डावर काकांचं नाव असेल तर त्यांची लेखी संमती घ्या. घरातलं माणूस म्हणून तोंडी हो म्हणतील, पण अर्जाला कागद लागतो. आणि ही मधली भिंत शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीला जाऊन मिळते का, ते बघा. पेठेत बहुतेक ठिकाणी मिळते. मग शेजाऱ्यांनाही आधी सांगणं आलं.

ओळंबा

ताई, ठेकेदाराला आधी थांबवा. त्याने गिलावा पाडून एक फार मोलाची गोष्ट मात्र तुम्हाला दाखवली आहे, तिच्याकडे शेवटी येतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून जुन्या घरांचीच कामं जास्त केली, आता निवृत्त आहे. घर न बघता लिहितोय, तेव्हा हे सगळं जागेवर येणाऱ्या इंजिनिअरशी बोलण्यासाठी म्हणून वाचा.

भिंत भार घेते का? पेशवाई घडणीच्या वाड्यात सांगाडा सागवानी असतो. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या. भिंत नुसती भरणीची, आणि कित्येकदा खांब तिच्यात गाडलेला असतो, बाहेरून दिसत नाही. त्यामुळे तुम्ही ऐकलंत ते चूक नाही. पण १९२० च्या आसपासची घरं बहुतेक सरळ भिंतीवर बसवलेली आहेत. माजघरात उभ्या राहून वर बघा. कड्या रस्त्याकडून मागे जात असतील तर त्यांची टोकं याच भिंतीवर टेकली आहेत, माजघराचीही आणि स्वयंपाकघराचीही. आणि कड्या कशाही असल्या तरी वर विटांची भिंत नेमकी हिच्यावर उभी आहे असं तुम्हीच लिहिलंय. ही भिंत भार घेते, यात मला शंका नाही.

किती घेते ते ढोबळ मानाने मांडू या. वरची चौदा इंची विटांची भिंत, दहा फूट उंच धरली तर दर मीटर लांबीला जवळजवळ २ टन. कडीपाटावर सहा इंच माती, फरशी आणि लाकूड मिळून चौरस मीटरला साडेतीनशे किलो होतात, माणसं-सामान धरून साडेपाचशे. दोन्ही खोल्या नऊ-नऊ फूट खोल असतील तर प्रत्येकीचा अर्धा भार या भिंतीवर, म्हणजे मीटरला दीड टन. गर्डरच्या वर जो दोनेक फूट दगड शिल्लक राहील त्याचा पाऊण टन, छपराचा थोडा. एकूण मीटरला साडेचार टनांच्या वर. बारा फुटांत सतरा टन.

आता हे सतरा टन पेलणारा गर्डर मिळत नाही असं नाही. आयएसएमबी २५०, म्हणजे २५० मिलिमीटर उंचीचा आय-आकाराचा लोखंडी गर्डर, त्याची जोडी ताकदीला पुरते. पण ती मधोमध सहा-सात मिलिमीटर वाकेल. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही, पण वर चुन्यात बांधलेली विटांची भिंत आहे आणि तिला तेवढं पुरे होतं, तुमच्या काकांच्या खोलीत भेग उघडेल. ३०० ची जोडी घातली तरी चार मिलिमीटर. म्हणजे इथे गर्डर ताकदीवरून ठरत नाही, वाकण्यावरून ठरतो, आणि हे ठेकेदार सहसा बघत नाहीत.

त्याहून मोठा प्रश्न गर्डरच्या टोकांचा. आज सतरा टन बारा फुटांत सारखे पसरून पायात जातात. गर्डर घातला की तेच साडेआठ-साडेआठ टन दोन ठिकाणी उतरणार. कशावर? तुम्ही बोट घातलंत त्या मातीवर. टोकाखाली काँक्रीटचा लांब ठोकळा घालून भार पसरवता येतो, पण त्याच्या खालची भिंत भरीव हवी आणि तिच्या खालचा पायाही. पेठांमधे जमीन बरीचशी जुन्या भरावाची आहे. शंभर वर्षांत ती एका प्रकारच्या भाराला बसून गेली आहे, नवीन जागी भार आला की पुन्हा बसायला लागेल.

आणि आता ती मोलाची गोष्ट. तुमची भिंत एक नाही, दोन आहेत. बाहेरचा आणि आतला असे दोन पडदे, मधे भराव. चांगल्या कामात दोन्ही पडदे बांधून ठेवायला आरपार जाणारे दगड घालतात. भारतीय मानक १३८२८ मधे त्याचं माप दिलेलं आहे: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक. ते नसले तर काय होतं ते मी किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पाहिलं. नुकसानीची पाहणी करणाऱ्यांत मी होतो. एका घराचा बाहेरचा पडदा अख्खा गल्लीत पडला होता आणि आतला तसाच उभा, त्यावरच्या खुंटीला कंदील अडकवलेला. त्या भिंतीच्या दगडांत आरपार जाणारा एकही नव्हता, दोन पडदे एकमेकांना फक्त मातीने चिकटलेले होते. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येतं. १९६७ च्या ११ डिसेंबरचा कोयनेचा धक्का पुण्यात ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळं सांगायला नको.

विटांच्या भिंतीत गर्डर बसवण्याची रीत अशी की एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच मारून पहिला गर्डर घालायचा, घट्ट पाचर मारायची, मग दुसऱ्या बाजूने दुसरा. विटांमधे हे चालतं कारण उरलेली अर्धी जाडी तोवर भार धरून ठेवते. तुमच्या भिंतीत एका बाजूची खाच मारली म्हणजे एक पडदा कापला, आणि दुसरा पडदा एकटा, मागे भुसभुशीत भराव घेऊन, सगळं ओझं सांभाळत उभा राहणार. तो फुगून बाहेर येतो. दगड सुटायला लागला की हाताने थोपवता येत नाही, काळ्या दगडाचा घनफूट ऐंशी किलोच्या घरात जातो.

शिवाय ही मधली भिंत दोन्ही बाजूंच्या लांब भिंतींना धरून ठेवते. घर खोक्यासारखं आहे, चारी बाजू एकमेकींना बांधलेल्या. मधली भिंत बारा फूट काढली की उरतं काय? दोन्ही टोकांना दोन-दोन फुटांचे तुकडे. धक्का बसला तर ते काहीही धरणार नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत: बारा फूट काढू नका. तुमची गरज परत वाचली. व्हीलचेअर जायला मोकळी रुंदी ३ फूट पुरते, खुर्ची वळवायला खोलीत ५ फुटांचं वर्तुळ लागतं आणि ते खोलीत मिळेल, भिंतीत नको. सासूबाईंना कॉटवरून स्वयंपाकघर दिसायला हवं आणि माजघरात उजेड हवा. हे सगळं चार फुटांच्या दारातून आणि एका झरोक्यातून साधतं. चार फुटांवर गर्डरचं वाकणं एक मिलिमीटरच्याही आत राहतं, कारण गाळा, म्हणजे दोन टेकांमधलं अंतर, एक तृतीयांश केला की वाकणं ऐंशीपटीने कमी होतं. टोकाला साडेआठ टनांच्या जागी पावणेतीन टन उतरतात.

तुम्ही तीन गोष्टी बघून कळवा. कड्यांची दिशा. भिंतीत कोनाडे, कपाटं कुठे आहेत आणि किती खोल. आणि छोट्या हातोडीने भिंत फूट-फूट अंतरावर वाजवत जा, जिथे आवाज भद्द येतो तिथे खडूने खूण करा. काकांच्या भेगेवर एक पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, त्यावर तारीख लिहा. भेग जिवंत असली तर काच तडकेल.

चुना-सुरखी

ओळंबा काकांनी हिशेब सांगितला, मी हाताचं काम सांगतो. दगडकाम आणि चुन्याचं काम आमच्या घरात आजोबांपासून चालत आलंय, पेठेतली बरीच घरं मी आतून बघितलीत.

अशा पोकळ भिंतीत भोक पाडायच्या आधी तिच्यात चुना भरून ती एक करून घ्यावी लागते. दोन्ही बाजूचा गिलावा उतरवायचा. दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, खरवडून दीड-दोन इंच आत साफ करायच्या आणि चुन्याने घट्ट भरायच्या, नाहीतर आत ओतलेलं सगळं फटीतून बाहेर येतं. भरताना फटींमधे नळ्या ठेवायच्या, फूट-दीड फूट अंतरावर. मग खालून सुरुवात. आधी थोडं पाणी, मग पातळ चुना, वरच्या नळीतून बाहेर दिसेपर्यंत. एका वेळी दोन फुटांपेक्षा वर जायचं नाही. ओला भराव आतून दगडांना ढकलतो, एकदम वरपर्यंत भरलं तर भिंत तिथेच फुगते. एक थर धरला की पुढचा. यात घाई केली तर केलेलं सगळं वाया जातं.

सिमेंटचं पाणी ओतू देऊ नका. स्वस्त पडतं आणि लवकर धरतं म्हणून सगळे तेच सुचवतात. सिमेंट कडक होतं, भिंत दमट राहते आणि ओल वर चढत कड्यांच्या टोकांपर्यंत जाते. कडीचं भिंतीत शिरलेलं टोक हीच या घरांची सगळ्यात नाजूक जागा. वाळवी तिथूनच लागते. गिलावा काढला की प्रत्येक कडीचं टोक टोचणीने टोचून बघा. टोचणी लोण्यात जावी तशी गेली तर आधी त्या कडीचा बंदोबस्त.

नव्या दाराच्या दोन्ही बाजूंना आरपार दगड बसवून नवीन कड बांधून घ्यावी लागेल, म्हणजे दोन्ही पडदे तिथे शिवले जातात. भिंतीतून जे दगड निघतील तेच वापरा, घडवलेले मोठे दगड आता मिळत नाहीत. काढताना ब्रेकर लावू देऊ नका. ब्रेकरचा हादरा दहा फूट लांबच्या दरजाही मोकळ्या करतो. छिन्नी आणि सुतकी, वरून खाली, एकेक दगड, आणि प्रत्येक दगड सुटायच्या आधी त्याच्या वरचा कशावर बसलाय ते बघून.

चुन्यात आम्ही अजूनही गूळ, हिरडा आणि बेलफळाचं पाणी घालतो. चुना भिजवून मुरवायला दिवस लागतात, तेव्हा काम ठरलं की चुना आधी भिजत घाला. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका.

नारायणपेठी

माजघर, तुमच्या सासूबाईंना एक विचारा. पानशेतच्या पुराचं पाणी तुमच्या घरात आलं होतं का?

१२ जुलै १९६१. मी शाळेत होते. आमचं घर नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही. आम्ही सगळे आधीच वर नातेवाइकांकडे गेलो होतो, परत आलो तेव्हा तळघर आणि खालचा मजला गाळाने भरलेला. घर उभं होतं म्हणून आईने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. पण पुढे कितीतरी आठवडे भिंतीच्या फटींतून माती गळत होती. सकाळी केर काढला की संध्याकाळी भिंतीच्या कडेने परत तांबूस माती. बाहेरून भिंत जशीच्या तशी दिसत होती, दगड जागच्या जागी.

पुष्कळ वर्षांनी नळ घ्यायला भिंतीत भोक पाडलं, तेव्हा पहार दगडाच्या मागे एकदम आत गेली. आत काही नव्हतंच. पाण्याने भराव धुऊन नेला होता आणि दोन पडदे रिकामे उभे होते. वडिलांनी ती बाजू उतरवून पुन्हा बांधली.

तुमच्या शनिवारातही नदीकडच्या भागात पाणी होतं. सासूबाईंना पाणी कुठपर्यंत आलं होतं ते नक्की आठवत असेल, ज्यांनी ते पाहिलं त्यांना ती रेघ विसरता येत नाही.

माजघर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेलं सगळं करून मगच लिहितेय.

ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं. कड्या रस्त्याकडून मागेच जातात, दोन्ही खोल्यांच्या टेकल्या आहेत. माजघराकडून दोन कड्यांच्या टोकांशी लाकूड काळं पडलंय.

सासूबाईंना पुराचं विचारलं. त्यांचं लग्न पुढच्याच वर्षीचं, पण त्यांच्या सासूबाईंनी दाखवलेली खूण त्यांना माहीत होती. त्यांनी कॉटवरून बोट करून दाखवलं, स्वयंपाकघराच्या बाजूला देवघराच्या फळीच्या थोडं खाली. मोजलं तर जमिनीपासून साडेतीन फूट. मग हातोडीने वाजवत गेले. साडेतीन फुटांच्या वर बहुतेक सगळीकडे टणक आवाज. खाली, उजव्या अर्ध्या भागात, सलग भद्द. खडूच्या खुणा जोडल्या तर जवळजवळ सरळ रेघ झाली. मी ती रेघ बघत तशीच खाली बसले.

डावीकडून मोजलं तर बाहेरच्या भिंतीपासून तीन फुटांवर आमचं दार सुरू होतं. साडेअकरा फुटांवर स्वयंपाकघराकडून भिंतीतलं कपाट आहे, अडीच फूट रुंद, चौदा इंच खोल. त्याला वर जाड सागवानी फळी आहे. कपाटाच्या मागे म्हणजे फक्त आठ इंच भिंत.

काचपट्टी लावली आहे, अजून तडकलेली नाही. शनिवारवाड्याच्या हद्दीपासूनचं अंतर आर्किटेक्टकडून मोजून घेणार आहे. काका मात्र हलायला तयार नाहीत.

ओळंबा

ताई, एवढं नीट बघून कळवलंत की बोलायला सोपं झालं.

दार उजवीकडे वाढवा. तीन फुटांपासून सात फुटांपर्यंत चार फुटांचं नवं दार, डावीकडची तीन फूट भिंत तशीच ठेवा. तो भाग वाजवल्यावर टणक निघाला, भार घ्यायला तोच बरा. बावीस इंची भिंतीखाली दोन गर्डर घातले तर मधला भराव अधांतरी राहील, म्हणून वर जाड लोखंडी पट्टी किंवा मधे तिसरा गर्डर आणि फटीत काँक्रीट. कुठलं माप ते तुमचा इंजिनिअर ठरवेल, चार फुटांसाठी ते लहानच असणार.

उजेडाला कपाट वापरा. त्याच्या मागची आठ इंच भिंत उघडली की अडीच फुटांचा झरोका मिळतो, आणि सासूबाईंच्या कॉटवरून ओटा दिसेल. एक लक्षात ठेवा, ती सागवानी फळी फक्त कपाटाच्या खोलीपुरती आहे, मागचे आठ इंच तिच्यावर नाहीत. तिथे वेगळी छोटी लिंटेल, म्हणजे वरचा भार घेणारी आडवी पट्टी, आधी बसवायची, मग उघडायचं. दार चार फूट, झरोका अडीच, मिळून साडेसहा. सोळा फुटांच्या भिंतीत हे एक्केचाळीस टक्क्यांच्या आत बसतं. दुमजली घरासाठी भूकंपाच्या नियमात सगळ्यात कडक मर्यादा ४२ टक्के आहे, मी जुन्या दगडी घरात तीच धरतो. दार आणि झरोका यांच्यामधे साडेचार फूट भरीव भिंत राहते, आणि उजव्या टोकाला दोन फूट. त्या उजव्या भागात पुराने पोकळी केली आहे, म्हणून चुना भरायचं काम तिथून सुरू करा, आणि ते पूर्ण धरेपर्यंत भिंतीत एकही भोक नको. दार केलं नाही तरी हे करायलाच हवं. नारायणपेठी बाईंनी विचारलं नसतं तर हे कोणाच्या लक्षात आलं नसतं.

काळ्या पडलेल्या दोन कड्या आधी. त्यांची टोकं कापून नवं लाकूड जोडता येतं किंवा खाली आधार घेता येतो.

काकांबद्दल मी आग्रहाने सांगतो. चुना भरत असताना ते वर राहू शकतात. पण ज्या दिवशी खाली टेकू लागतील, त्या दिवसापासून गर्डर बसून त्याच्यावरची फट घट्ट भरून सुकेपर्यंत त्या दोन खोल्यांत कोणीही राहायचं नाही, झोपायचं तर नाहीच. त्या आधी भिंतीलगतच्या वरच्या फरशीखालची माती उतरवली तर चौरस मीटरला अडीचशे किलो ओझं कमी होतं, म्हणजे खोल्या रिकाम्या कराव्याच लागतात. त्यांना कामाचा नकाशा दाखवा, टेकू कुठे येणार, भेग कुठे आहे, काच कशाला लावली, सगळं समजावून सांगा. शहात्तर वर्षांच्या माणसाला घर सोड म्हटलं की तो अडतो, पण घर वाचवायला दोन खोल्या रिकाम्या कर म्हटलं तर बहुतेक जण ऐकतात. ते घराच्या रस्त्याकडच्या खोलीत किंवा खाली तुमच्याकडे राहू शकतात का बघा.

टेकू फरशीवर उभे करू देऊ नका. शहाबादी फरशीखाली पोकळी असू शकते. फरशी उचलून, जमीन धुमसून, वर जाड आडव्या फळ्या घालून मग टेकू.

पाऊस तोंडावर आहे. चुना आणि गर्डरचं काम दिवाळीनंतर धरा, तोवर परवानग्याही होतील. पावसाळ्यात फक्त काचपट्टीवर लक्ष ठेवा आणि कौलं शाकारून घ्या, वरून एक थेंबही या भिंतीत उतरता कामा नये. इंजिनिअर येईल तेव्हा त्याला नव्या दाराच्या उजव्या कडेपाशी, सात फुटांच्या खुणेवर, पायापर्यंत एक खड्डा घ्यायला सांगा. भिंतीला अगदी लागून नको, दीड फूट सोडून, आणि त्याच दिवशी बुजवायचा. त्याचा फोटो इथे टाकलात तर पाया कशावर बसलाय यावर बोलू.